लेण्याचा दगड आणि लेण्याची जमीन

(अभ्यासपाठ : रविवारच्या वंदनेनंतर घरात किंवा विहारात मोठ्याने वाचण्यासाठी)



अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर पातूर लागते. गावाला लागूनच टेकडी आहे आणि तिच्या अंगात काळ्या दगडात कोरलेली लेणी आहेत. लेणी अगदी साधी आहेत. अजिंठ्याची चित्रे पाहून आलेला माणूस येथे आला तर म्हणेल, यात पाहण्यासारखे काय आहे? जाडजूड खांब, पुढे ओसरी, आत अंधार. पण केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत अकोला जिल्ह्यातील जी थोडी नावे आहेत, त्यांत बाळापूरचा किल्ला आणि नरनाळा यांच्याबरोबर पातूरच्या या लेण्यांचेही नाव आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतील सात-आठ कुटुंबांना घेऊन मी तेथे गेलो. यातील बरीच कुटुंबे अलीकडेच दीक्षा घेतलेली. घरातला देव्हारा निघाला आहे, भिंतीवर तथागतांचे चित्र आले आहे, पण हाताची जुनी सवय अजून गेलेली नाही. दगड दिसला की त्याला काहीतरी लावावे, काहीतरी वाहावे असे वाटते. हे मी कोणाला हिणवण्यासाठी लिहीत नाही. पिढ्यान्पिढ्या आपण दगडाला तेल आणि शेंदूर लावण्यापलीकडे त्याच्याशी दुसरे नाते ठेवलेच नव्हते. आमच्यातील एक वडीलधारे गृहस्थ पिशवीत निळ्या ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश घेऊन आले होते. दर्शनी खांबावर मोठ्या अक्षरात ‘जय भीम’ लिहायचे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळेल हे कोणाचे आहे, असा त्यांचा विचार. एका मावशींनी मेणबत्त्यांची दोन पाकिटे आणली होती. भावना दोघांचीही चांगली होती.

माझी आई मात्र ओसरीत उभी राहून खाली पाहत होती. खाली गुटख्याच्या पुड्या, फुटलेल्या बाटल्या, शेळ्यांच्या लेंड्या, कोणीतरी पेटवलेल्या चुलीची राख पडलेली होती. आई म्हणाली, “कोनाचं हाय हे, बाबू?” मी म्हटले, “आपलंच आहे, माय.” तेव्हा ती म्हणाली, “आपलं हाय म्हनतं, त मंग इथं झाडू काहून नाई मारत?”

मी बी. ए., बी. एड. झालो, वर्गात इतिहास शिकवतो, पण त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजचा हा पाठ त्याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आहे.

प्रथम रंगाच्या डब्याविषयी. तो मी उघडू दिला नाही. गृहस्थ थोडे रागावले. “गुरुजी, इतर लोक शेंदूर फासतात, त्यांना कोणी बोलत नाही, आम्हालाच कायदा?” त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण दगडाचा विचार करू. आपल्याकडचा हा काळा पाषाण बाहेरून कितीही कठीण दिसला तरी त्याच्या थरांमधून आणि भेगांमधून पावसाळ्याचे पाणी झिरपते व उन्हाळ्यात ते बाहेर पडून वाळते. अकोल्याचा उन्हाळा कसा असतो हे मी सांगायला नको. ऑइलपेंट लावला की त्या जागी दगडाचे श्वास घेणे बंद होते. आतले पाणी आणि क्षार रंगाच्या पापुद्र्यामागे साचतात आणि काही वर्षांनी रंगाबरोबर दगडाचे पापुद्रेही निघू लागतात. सिमेंटचे तसेच. भेग दिसली की सिमेंटने बुजवावी असे वाटते, पण सिमेंट पाण्याची वाट अडवते आणि पाणी दुसरीकडून दगड फोडते. मेणबत्तीची काजळी छताला बसते, मेण दगडाच्या छिद्रांत शिरते. घरातल्या चुलीवरचे छत आठवा, म्हणजे काजळी काय करते ते कळेल. घरचे छत दिवाळीला पोतारता येते. लेण्याचे येत नाही.

तज्ज्ञ म्हणवणाऱ्यांच्या हातूनही असे झाले आहे. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने अजिंठ्याची चित्रे वाचवण्यासाठी इटलीहून दोन जाणकार आणले. त्यांनी निखळणारे पापुद्रे बसवले, ते काम चांगले झाले. परंतु चित्रांवर लाखेच्या वार्निशाचा हातही दिला. पुढे ते वार्निश पिवळे पडले, त्यावर धूळ धरली आणि चित्रे काळवंडली. तो थर काढण्यात पुरातत्त्व खात्याची कित्येक वर्षे गेली. इटलीचे जाणकार चुकले, तेथे आपण ब्रश घेऊन काय करणार?

आता माझा अपराध सांगतो. नववीत असताना शाळेच्या सहलीत एका लेण्याच्या भिंतीवर मी खिळ्याने माझे नाव आणि तुकडी कोरली होती. मास्तरांनी पाहिले आणि हसले. पुष्कळ वर्षांनी पुस्तकात वाचले की १८१९ साली अजिंठ्याला शिकारीसाठी आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानेही दहाव्या लेण्यात, चित्र असलेल्या खांबावर आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. त्या साहेबाला निदान हे काय आहे ते ठाऊक नव्हते. मला ठाऊक असायला हवे होते.

असे नाव कोरण्यात किंवा रंग फासण्यात खरे नुकसान कशाचे होते? आपल्या पुराव्याचे. महाराष्ट्रातील लेण्यांवर जे लेख आहेत, त्यांत राजांची नावे थोडी आणि सामान्य उपासक-उपासिकांची नावे फार. जुन्नरच्या एका लेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दिल्याचे लिहिले आहे. तेथेच बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी करणाऱ्यांच्या श्रेणींचाही उल्लेख आहे. ज्यांना पुढे गावाच्या कडेला बसवले गेले, त्या हातकामाच्या लोकांची नावे धम्मलिपीत दगडावर आहेत. आपल्या घरात आजोबांच्या नावाचा कागद नसतो, पण असा दगड आहे. त्यावर रंगाचा एक हात फिरला की एक अक्षर गेले आणि ते पुन्हा लिहिता येत नाही.

आता या पाठाचा जो मुख्य भाग आहे, त्याकडे वळू. लेणे म्हणजे केवळ कोरलेला दगड, अशी आपली समजूत असते. ज्यांनी लेणी दिली त्यांची समजूत तशी नव्हती. लेण्याबरोबर जमीन हवी, पाणी हवे, झाडे हवीत आणि दरवर्षी येणारा पैसा हवा, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. वर्ष ४२. त्याने भिक्षुसंघासाठी ३००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी २००० गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ या व्याजाने आणि १००० दुसऱ्या विणकर श्रेणीकडे शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. त्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे. मुलांनो, वहीत करून पाहा : २००० वर दरमहा शेकडा १, म्हणजे वर्षाचे २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, तेही २४०. हिशेब बरोबर जुळतो. म्हणजे लेण्याचा खर्च कोठून निघणार हे ठरवून लेणे दिले गेले. आणि पैसा सांभाळणारे कोण, तर विणकर. याच लेण्याच्या दुसऱ्या लेखात उषवदाताने ४००० कार्षापणांना एका ब्राह्मणाकडून शेत विकत घेऊन भिक्षूंच्या भोजनासाठी दिल्याचा उल्लेख आहे. शेत फुकट हिसकावले नाही, मूल्य देऊन घेतले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्याहून महत्त्वाचा धडा तिसऱ्या लेण्यात आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपल्या राज्याच्या १८ व्या वर्षी, उषवदाताकडे असलेले ककडी गावचे २०० निवर्तने शेत त्रिरश्मीच्या भिक्षूंना दिले. त्या शेतात राजपुरुषांनी शिरू नये, मिठासाठी ते खणू नये, अशी मोकळीक लिहून दिली. पुढे सहाच वर्षांनी, २४ व्या वर्षी, राजा आणि राजमाता यांच्या नावाने दुसरी आज्ञा त्याच लेण्यात कोरली आहे. तिच्यात म्हटले आहे ते असे, की पूर्वी दिलेले शेत कोणी कसत नाही आणि ते गावही वस्तीचे राहिलेले नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजाच्या जमिनीतून १०० निवर्तने देत आहोत. बंधूंनो, हा लेख मी वर्गात शिकवतो तेव्हा दरवेळी थांबतो. राजाची सनद होती, जमीन होती, कागद पक्का होता. तरी कसणारे हात नव्हते, गावात माणूस नव्हता, तर सहा वर्षांत ते दान निरुपयोगी झाले. लेणे तेथेच होते, भोवतीचे माणूस हलले होते.

झाडांचेही सांगतो. जुन्नरला आडुथुम नावाच्या एका शक उपासकाचा लेख आहे. शक म्हणजे परदेशातून आलेला. त्याने २० निवर्तने जमिनीचे उत्पन्न करंजाची झाडे लावण्यासाठी आणि ९ निवर्तनांचे वडाची झाडे लावण्यासाठी दिले. करंज आपल्या नाल्याकाठी उभा असतो आणि आपण त्याला सरपण समजतो.

कोणी म्हणेल, गुरुजी, हे सगळे नाशिक-जुन्नरकडचे, आपल्या वऱ्हाडाचे काय? वऱ्हाडाचा वाटा लहान नाही. अजिंठ्याचे सोळावे लेणे वराहदेव या मंत्र्याने दिले, असे तेथील लेख सांगतो. वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री आणि हरिषेणाच्या शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशीम. १९९८ पर्यंत वाशीम अकोला जिल्ह्यातच होते. पाचव्या शतकात अजिंठ्याच्या छिन्नीला जो पैसा लागला त्यातला काही या मातीतून गेला. मोर्शी तालुक्यात मध्य प्रदेशच्या सीमेवर सालबर्डीच्या डोंगरात छोटे बौद्ध विहार कोरलेले आहेत. आणि संग्रामपूर तालुक्यात, पूर्णेच्या काठी भोन या गावी पुण्याच्या डेक्कन कॉलेजने २००२ नंतर काही वर्षे उत्खनन केले, तेव्हा विटांचा प्राचीन स्तूप निघाला. तो प्रदेश जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात येतो. दोन हजार वर्षे जमिनीखाली सुरक्षित राहिलेली गोष्ट सापडल्यावरच धोक्यात आली. धरणाचे पाणी शेतकऱ्याला हवे आहे, हे आम्ही कापूसवाले नाकारू शकत नाही. म्हणूनच भोनसाठी नुसत्या घोषणा पुरणार नाहीत. कोणती जमीन, किती उंचीपर्यंत पाणी, काय हलवता येते आणि काय येत नाही, हे विचारणारी, कागद वाचू शकणारी माणसे प्रत्येक गावात लागतील.

आंध्रातही एक अमरावती आहे. तेथला महास्तूप एकेकाळी भारतातील मोठ्या स्तूपांपैकी होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील जमीनदाराच्या माणसांनी बांधकामासाठी दगड-विटा काढायला सुरुवात केली. नंतर उरलेले कोरीव दगड चेन्नईच्या आणि लंडनच्या संग्रहालयांत गेले. जागेवर आज फक्त चौथऱ्याचा आकार उरला आहे. तेथील गावकरी वाईट नव्हते. ती आपली वस्तू आहे असे त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि भोवतालची जमीन कोणाच्या राखणीत नव्हती.

आपल्याकडे याच प्रकारातला मोठा रोग म्हणजे गुप्तधन. जुना दगड दिसला की त्याखाली हंडा असणार, या समजुतीने रात्री खणणारे लोक अजून आहेत. जमिनीत सापडलेला ठेवा दडवणे हा १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. शेतात नांगराला कोरीव दगड, नाणे, मूर्ती लागली तर ती घरी नेऊन पुजू नका आणि विकूही नका. जागेवरच ठेवून तलाठ्याला आणि तहसील कार्यालयाला कळवा. वस्तू जागेवरून उचलली की ती कोणत्या थरात होती हे कळत नाही आणि अर्धा इतिहास तेथेच संपतो.

कायद्याचे आणखी थोडे. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली जी दुरुस्ती झाली, तिच्याप्रमाणे संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम आणि खाणकाम करता येत नाही. त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगीने करता येते. स्मारकाची नासधूस केली, त्यावर लिहिले, तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. स्मारकात सभा-समारंभ करायचा तर खात्याची पूर्वपरवानगी लागते, आणि तेथे स्वयंपाक मांडणे बसत नाही. संविधानाच्या अनुच्छेद ४९ ने स्मारकांचे रक्षण हे राज्याचे कर्तव्य ठरवले, आणि १९७६ साली आलेल्या अनुच्छेद ५१-अ ने आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे प्रत्येक नागरिकाचेही कर्तव्य केले.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. स्मारकाजवळच्या शंभर मीटरात पुष्कळदा गरिबांचीच घरे असतात. दुमजली बंगला कोणी आडून बांधतो आणि घरकुलाची भिंत मात्र अडते. अशा माणसाला लेणे म्हणजे आपल्या मानेवरचे जोखड वाटले तर नवल नाही. आधीपासून असलेल्या घराच्या दुरुस्तीसाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, पण तो अर्ज लिहून देणारा कोणी नसतो. आपल्यातील शिकलेल्या पोरांनी लेण्यावर भाषण करण्याआधी शेजारच्या वस्तीत बसून असे दोन अर्ज लिहून द्यावेत. लेण्याचे राखणदार त्यातूनच तयार होतील.

तसेच भोवतालच्या जमिनीचे. लेण्याच्या टेकडीचा सातबारा काढा, गट नंबर पाहा, ती जमीन वनखात्याची आहे, ई क्लास आहे, की कोणाच्या मालकीची आहे ते समजून घ्या. मुरूम उकरणारे ट्रॅक्टर प्रथम ई क्लासवर येतात. टेकडीचा पायथा उकरला गेला की वरून येणारे पाणी वाट बदलते आणि ते लेण्याच्या छतावर उतरते. ग्रामसभेत हा विषय लेखी मांडावा आणि ठरावाची नक्कल घ्यावी. तोंडी बोललेले सभेबरोबर संपते.

शेजाऱ्यांच्या श्रद्धेचा प्रश्नही येतोच. सालबर्डीला शिवरात्रीला महादेवाची मोठी यात्रा भरते. जुन्नरजवळ लेण्याद्रीला बौद्ध लेण्यांतच गणपतीचे स्थान आहे आणि तेथे रोज भाविक येतात. लेणी मुळात कोणाची हे अभ्यासाने, पुराव्याने सांगावे, निर्भयपणे सांगावे. पण शेंदराला उत्तर म्हणून निळा रंग, हे उत्तर नव्हे. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाचे पाणी हातपाय धुण्यासाठी घेतले म्हणून त्यांच्यावर जमाव धावून आला. ही हकीगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. तेव्हा लेण्याच्या पायथ्याशी दुसऱ्याला अडवणारे लोक आपण होऊ नये. शेजारी धनगर असो, मुसलमान असो, पाटील असो, टेकडीवर शेळ्या चारणारे पोर लेण्याला आपल्यापेक्षा जास्त वेळा पाहते. भेग वाढली, दगड पडला, रात्री कोणी खणत होते, हे त्यालाच आधी कळते.

मग आपण करायचे काय? आईने सांगितलेलेच. त्या दिवशी आम्ही केरसुणीने ओसरी झाडली. खराटा नको, तारेचा ब्रश नको, पाण्याने धुणे नको, भिंतीला हात लावणे नको. फक्त जमिनीवरचा कचरा. भेगेतून पिंपळाचे रोप आलेले दिसले तर ओढू नये. मुळाबरोबर दगड निघतो. फोटो काढून खात्याला कळवावे, उपटण्याचे काम त्यांचे. वटवाघळांना हाकलण्यासाठी धूर करू नये. वंदना करायची तर उभे राहून, शांतपणे, तोंडाने करावी. तिला ना मेणबत्ती लागते ना लाउडस्पीकर. मावशींच्या मेणबत्त्या आम्ही परत आणल्या आणि संध्याकाळी विहारात लावल्या. मावशींना प्रथम वाईट वाटले. मग त्यांनीच लहान मुलांना छताची जुनी काजळी दाखवून समजावले, ते माझ्यापेक्षा चांगले समजावले.

मुंबई, पुणे, नाशिककडचे तरुण गटागटाने लेण्यांवर जातात, साफसफाई करतात, तेथेच बसून धम्मलिपी शिकतात. वऱ्हाडातही हे करता येईल. धम्मलिपीची मुळाक्षरे आठवीतल्या मुलाला पंधरा दिवसांत येतात, हा माझा वर्गातील अनुभव आहे.

तीन पोती कचरा निघाला. तो खाली आणून नगरपरिषदेच्या घंटागाडीत टाकला. शेळ्यांच्या लेंड्या मात्र आईने वेगळ्या भरून घेतल्या, परसातल्या वांग्यांसाठी. टेकडीवर शेळ्या चारणाऱ्या पोराला आम्ही डब्यातली भाकर दिली, त्याने आम्हाला पावसाळ्यात पाणी कोठून आत येते ती जागा दाखवली. त्या जागेचा फोटो जोडून पुरातत्त्व खात्याला अर्ज पाठवला आहे, पोच जवळ आहे. निळ्या रंगाचा डबा त्या गृहस्थांनी घरी नेला आणि विहाराच्या लोखंडी फाटकाला लावला. पुढची फेरी पोळ्यानंतरच्या रविवारी आहे. ज्यांना यायचे त्यांनी आपापली केरसुणी आणि रिकामे पोते बरोबर आणावे.